कुंडीतील उष्णकटिबंधीय झाडे आणि उन्हाचा चटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणारी विचारणा बहुतेक एकाच गोष्टीची असते: परवापर्यंत टवटवीत असलेल्या झाडाची पाने अचानक पांढरी पडली, आता काय करावे? त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मॉन्स्टेरा, मनी प्लांट, फिलोडेन्ड्रॉन, कॅलॅथिया, ॲग्लोनेमा, अँथुरियम, ऑर्किड यांसारख्या कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या झाडांपुरतीच ही उत्तरे आहेत. गुलाब, तुळस किंवा भाजीपाला यांचा विचार येथे केलेला नाही.

१. पान उन्हाने करपले आहे की त्याला रोग लागला आहे, हे कसे ओळखावे?

डाग कोठे पडला आहे ते आधी पाहावे. उन्हाचा डाग सूर्याकडे तोंड असलेल्या पानांवर, आणि त्यातही पानाच्या सर्वांत वर उचललेल्या भागावर पडतो. वरच्या पानाची सावली जेथे पडते तेथे खालचे पान हिरवे राहते आणि पुष्कळदा त्या सावलीची कड डागाच्या कडेवर उमटलेली दिसते. मॉन्स्टेराच्या झाडावर हे फार स्पष्ट कळते, कारण वरच्या पानाच्या भेगांतून ऊन जेथे उतरले तेवढ्याच पट्ट्या खालच्या पानावर करपलेल्या असतात. असा डाग आधी फिकट होतो, दोन-तीन दिवसांत पांढरट किंवा तपकिरी आणि कुरकुरीत होतो, आणि ऊन टाळल्यास तेवढाच राहतो.

बुरशीचा डाग मात्र पसरत जातो, त्याच्याभोवती बहुधा पिवळे वलय असते आणि तो सावलीतल्या पानांवरही दिसतो. कोरड्या उन्हाळी हवेत लाल कोळीही वाढतो. तो असल्यास पानावर बारीक फिकट ठिपके आणि पानामागे तलम जाळे दिसते. शंका असल्यास पान पांढऱ्या कागदावर झटकावे. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर दोष उन्हाचा नाही. फक्त पानांची टोके करपत असतील तर प्रश्न १५ पाहावा.

२. ही झाडे मुळात उष्ण प्रदेशांतली आहेत, मग त्यांना आपले ऊन का सोसत नाही?

कारण ती उष्ण प्रदेशांतल्या सावलीतली आहेत. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल उन्हाळ्यात बरेचसे निष्पर्ण होते. ही झाडे जेथून आली तेथील सदाहरित अरण्यांत मात्र उंच वृक्षांची पाने बारा महिने टिकून असतात आणि जमिनीपर्यंत पोहोचतात ते थोडे, काही मिनिटे टिकणारे कवडसे. निरभ्र दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर घरात खिडकीजवळ तो दोन-तीन हजार लक्सच्या घरात असतो. सावलीत वाढलेले पान रुंद, पातळ आणि कमी प्रकाशाचा पुरेपूर उपयोग करण्यासाठी घडलेले असते. त्याच्यावर एकदम पाचपन्नासपट प्रकाश पडला, तर वापरता न येणारी ऊर्जा पानातल्या हरितद्रव्याचाच नाश करू लागते. त्यातच मुळांकडून पाणी कमी पडले की पानावरची छिद्रे मिटतात, बाष्पीभवनाने होणारा गारवा थांबतो आणि पानाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा पाच-दहा अंशांनी वर जाते.

आपल्याकडे ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. नागवेल हीसुद्धा अशीच सावलीची वेल आहे आणि पानमळ्यात तिला शेवगा, शेवरी, हादगा यांच्या आधारावर आणि त्यांच्याच विरळ सावलीत वाढवतात.

३. काळजी केव्हापासून घ्यावी? मे महिना सर्वांत वाईट असतो ना?

आमच्या मते मार्च अधिक घातक असतो. थंडीत कोवळे ऊन मिळालेली झाडे त्या वेळी अजून सरावलेली नसतात. शिवाय मार्चमध्ये काही दिवस जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू होतात, आणि ठाण्यात पारा ३८-४० अंशांपर्यंत जाताना हवेतली आर्द्रताही घसरते. किनारपट्टीवरील ठिकाणी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश अधिक असले, तर हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो. असा इशारा आला की जाळी किंवा पडदा त्याच दिवशी लावावा. मेमध्ये आपण घामाघूम होतो, पण त्याच दमट हवेत पाने तुलनेने सुखात असतात.

जागा बदलायची असल्यास फेब्रुवारीच्या अखेरीस बदलावी.

४. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे. कोणत्या दिशेला किती धोका असतो?

पश्चिमेला सर्वाधिक. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढे, आणि हवा सर्वाधिक तापते ती दोन-तीनच्या सुमारास. पश्चिमेच्या बाल्कनीत नेमके तेव्हाचे तिरपे ऊन आत शिरते आणि सूर्यास्तापर्यंत राहते. वरच्या मजल्याच्या स्लॅबचा त्याला अडसर होत नाही. पूर्वेच्या बाल्कनीतले दहापर्यंतचे ऊन बहुतेक झाडांना मानवते. त्यानंतरचे मार्च ते मे या काळात अडवावे.

दक्षिण आणि उत्तर यांबाबत मात्र लोकांचा अंदाज चुकतो. दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन सर्वांत आतपर्यंत येते ते डिसेंबर-जानेवारीत. मार्चमध्ये ते कठड्यालगतच्या कुंड्यांवर पडते, आणि १५-१६ मेच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडच्या शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य दुपारी थेट डोक्यावर असल्यामुळे वर स्लॅब असलेली दक्षिणेची बाल्कनी बरीचशी सावलीत असते. उत्तरेची बाल्कनी ‘ऊन नसलेली’ म्हणून त्यात कॅलॅथिया आणि नेचे ठेवलेले असतात. परंतु २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो, त्यामुळे मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तेथे तिरपे ऊन येते. वर्षभर सावलीत राहिलेल्या पानांना करपायला संध्याकाळचा तो तासभरही पुरतो.

उघड्या गच्चीचा हिशेब वेगळा आहे. तेथे दिशा महत्त्वाची नसते, आडोसा महत्त्वाचा असतो.

५. कोणत्या झाडाला किती ऊन चालते?

कॅलॅथिया, नेचे, पीस लिली, ॲग्लोनेमा, अँथुरियम आणि फॅलेनोप्सिस ऑर्किड यांना उन्हाळ्यात थेट ऊन अजिबात देऊ नये. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, फिलोडेन्ड्रॉन, अलोकेशिया, अरेका पाम हे सकाळचे कोवळे ऊन सोसतात. रबर प्लांट, फिडल लीफ फिग, स्नेक प्लांट आणि डेंड्रोबियम ऑर्किड सरावल्यानंतर त्याहून बरेच अधिक सोसतात. क्रोटनला तर रंग येण्यासाठी ऊन लागतेच; सावलीत तो हिरवा पडतो.

जास्वंद, बोगनवेल, चाफा, अडेनियम ही उन्हाचीच झाडे आहेत. तीही कुंडीसह एकाएकी सावलीतून उन्हात नेली तर करपतात, हे लक्षात ठेवावे.

६. हिरवी जाळी किती टक्क्यांची घ्यावी?

जाळीवरचा टक्का म्हणजे ती किती प्रकाश अडवते त्याचा आकडा. प्रश्न ५ मधील पहिल्या गटासाठी ७५ टक्के आणि दुसऱ्या गटासाठी ५० टक्के जाळी पुरते. ९० टक्क्यांच्या जाळीखाली झाड करपत नाही, पण वाढतही नाही. पेरे लांबतात, पाने लहान येतात. शक्य असल्यास पांढरी जाळी घ्यावी. हिरवी जाळी झाडाला कमी उपयोगी असणारा हिरवा प्रकाशच अधिक आत सोडते, आणि ती लोकप्रिय आहे ती सहज मिळते म्हणून.

जाळी पानांना टेकू देऊ नये. ती स्वतः तापते आणि टेकलेल्या जागी पान भाजते. किमान फूटभर अंतर असावे. पश्चिमेच्या बाल्कनीत वर छत करून उपयोग नसतो, जाळी उभी, पडद्यासारखी सोडावी लागते. मेअखेरीस वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते, म्हणून उंच मजल्यांवर ती गुंडाळता येईल अशीच बांधावी.

७. सोसायटी बाहेरून जाळी लावू देत नाही. दुसरा काही उपाय आहे का?

आहे, आणि तो पुष्कळदा जाळीपेक्षा चांगला असतो: कुंडी हलवणे. कठड्यापासून दोन-तीन फूट आत किंवा ग्रिलवरून खाली जमिनीवर घेतलेली कुंडी कित्येकदा पूर्ण सावलीत जाते. जाळीवर खर्च करण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता ऊन फरशीवर कोठवर येते ते खडूने आखून ठेवावे. एक वाजता पानांच्या वर हात धरावा. हाताच्या सावलीची कड रेखीव असेल तर ती जागा पहिल्या गटातील झाडांची नव्हे.

ग्रिलला लागून बोगनवेल, जास्वंद, कढीपत्ता यांच्या कुंड्या आणि त्यांच्या मागे नाजूक झाडे, ही रचना सोसायटीच्या नियमांत बसते आणि दिसायलाही चांगली असते. आतल्या बाजूने बांबूची चिक किंवा जुनी फिकट सुती साडी लावली तरी दुपारचे चार तास निभावतात. गडद रंगाचे जाड कापड वापरू नये, ते हवा कोंडते.

८. पाणी किती वेळा आणि केव्हा घालावे?

सकाळी आठच्या आत. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली, तरच संध्याकाळी पुन्हा घालावे. पाण्याने सोसण्याची क्षमता वाढते, पण थेट उन्हातले सावलीचे झाड केवळ भरपूर पाण्याने वाचत नाही. मुळे कुजण्याचा धोका मात्र वाढतो.

दुपारी झाड मलूल दिसले तर आधी मातीला हात लावावा. माती ओली असेल तर पाणी घालू नये; कुंडी सावलीत घ्यावी, संध्याकाळी पाने बहुधा आपोआप वर येतात. माती कोरडी असेल तर संध्याकाळची वाट न पाहता कुंडी सावलीत घेऊन लगेच पाणी द्यावे. ‘दुपारी पाणी घातले की झाड मरते’ या समजुतीत तथ्य आहे ते पाण्याच्या तापमानापुरते: गच्चीवरच्या काळ्या टाकीतले किंवा उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी हाताला चटका देण्याइतके गरम असते. ते बादलीत काढून निवू द्यावे.

९. पानांवर पाण्याचे थेंब राहिले तर भिंगासारखे काम करून पान जाळतात, हे खरे आहे का?

गुळगुळीत पानांच्या बाबतीत नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगांनी आणि गणिताने हे तपासले होते. पानाला चिकटलेला थेंब प्रकाश एकवटतो, पण तो एकवटण्याची जागा पानाच्या बरीच खाली असते. लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर तोलला जाऊन पृष्ठभागापासून वर राहतो, तेव्हा भाजणे शक्य असते. आपल्या झाडांपैकी आफ्रिकन व्हायोलेट किंवा रेक्स बेगोनिया यांच्यापुरती ही खबरदारी घ्यावी.

१०. ऊन पानांवर येत नाही, फक्त कुंडीवर येते. तरी झाड सुकते, असे का?

मुळे भाजतात म्हणून. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी इतकी तापते की तिला टेकलेली मुळे ४० अंशांच्या वर जाऊन मरतात. झाड उपटून पाहिले तर एका बाजूची मुळे तपकिरी आणि पोकळ, दुसऱ्या बाजूची पांढरी दिसतात. मातीची कुंडी बाष्पीभवनाने गार राहते, म्हणून उन्हाळ्यात तीच बरी, जरी तिला पाणी अधिक लागते. प्लास्टिकची कुंडी बदलता येत नसेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली फट ओल्या कोकोपीटने किंवा नारळाच्या सोडणाने भरावी, किंवा बाहेरून पांढरा रंग द्यावा.

गच्चीवर कुंडी थेट तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवावी, कुंड्या एकमेकींना खेटून मांडाव्यात आणि मातीवर सुक्या पानांचा दोन इंचांचा थर द्यावा. एवढी उस्तवार कुंडीच्या आकाराच्या उलट प्रमाणात लागते. लहान कुंडी आधी तापते.

११. करपलेली पाने पुन्हा हिरवी होतात का? ती कापावीत का?

पांढरा किंवा तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. नुसते फिकट पिवळे झालेले पान सावलीत नेल्यास काही प्रमाणात सावरते. निम्म्याहून अधिक हिरवे असलेले पान ठेवावे: ते झाडाला अन्न देते आणि खालच्या पानांवर सावली धरते. दिसायला वाईट म्हणून सगळी करपलेली पाने एकदम काढली, की आतापर्यंत झाकलेली कोवळी पाने उघडी पडतात आणि पुढच्या आठवड्यात तीही करपतात. नवी दोन-तीन पाने आल्यावर जुनी एकेक करून काढावीत.

सगळी पाने गेली तरी खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे असेल, किंवा अलोकेशियाचा कंद चेपून घट्ट लागत असेल, तर कुंडी सावलीत ठेवून थोडेच पाणी देत राहावे.

१२. रोपवाटिकेत झाड उन्हात ठेवलेले होते, घरी आणल्यावर मात्र आठवड्यात करपले. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. घोडबंदर रोडवरच्या रोपवाटिकांत पुढे रस्त्याकडेला मांडलेली झाडे बऱ्याचदा मागच्या शेडनेटमधून नुकतीच आणलेली असतात. ‘हे नेटखालचे आहे का?’ एवढे विचारून घ्यावे. वृक्षवल्लीसारख्या प्रदर्शनांतून हिवाळ्यात आणलेली झाडेही याच कारणाने मार्चमध्ये दगा देतात.

नवे झाड पहिला आठवडा उजेडाच्या सावलीत ठेवावे, मग सकाळचे अर्धा तास ऊन द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत दोन आठवड्यांत नेहमीच्या जागी न्यावे. जुनी पाने फारशी बदलत नाहीत. वाढत्या उजेडात फुटलेली नवी पाने जाड आणि सोशिक निघतात, म्हणून निवाडा नव्या पानांवरून करावा.

१३. उन्हाळ्यात खत आणि कीटकनाशकाची फवारणी चालू ठेवावी का?

करपलेल्या झाडाला खत देऊ नये. कोरड्या मातीत रासायनिक खताची तीव्रता वाढते आणि आधीच ताणलेली मुळे भाजतात. कुंडी बदलण्याचे कामही पावसाळ्यावर ढकलावे. कडुनिंबाचे तेल किंवा साबणाचे पाणी फवारायचे असल्यास सूर्यास्तानंतर फवारावे. तेलाचा थर अंगावर असलेले पान थेट उन्हात भाजू शकते. पाने चकचकीत दिसावीत म्हणून खोबरेल तेल चोळणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

डाळिंबाच्या बागांत फळे भाजू नयेत म्हणून केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात. ती शोभेच्या झाडांवर चालते का, असेही विचारले जाते. चालते, पण पानांवर पांढरी पुटे चढतात, आणि मग शोभा राहत नाही.

१४. झाड घरात, काचेच्या आत आहे. तरीही पाने भाजली. हे कसे?

काच बरीचशी अतिनील किरणे अडवते, पण प्रकाश आणि उष्णता आत येतात आणि बंद खिडकीशी वारा नसल्यामुळे पान निवत नाही. काचेला टेकलेली पाने सर्वांत आधी जातात. खिडकी किंचित उघडी ठेवून झाड दोन-तीन फूट आत घ्यावे किंवा पातळ पडदा लावावा.

दिशेच्या हिशेबात न बसणारे डाग दिसले, तर समोर पाहावे. बेलापूर किंवा ऐरोलीच्या काचेच्या इमारतींवरून परावर्तित होणारे ऊन दिवसातून थोडाच वेळ, पण उत्तरेच्या खिडकीतही येऊ शकते. शेजारच्या गच्चीवर नवा पत्रा किंवा पांढरी चायना मोझॅक बसली, तरी हाच परिणाम खालून वर होतो आणि पानांच्या मागच्या बाजू भाजतात. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर ठेवलेल्या झाडाची पाने तर उन्हाशिवायच वाळतात. त्याला जाळीचा काही उपयोग नाही.

१५. झाडावर ऊन येतच नाही, तरी पानांची टोके तपकिरी होतात. हे करपणेच का?

हे बहुतेक वेळा क्षारांमुळे होते. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते. त्यात क्षार अधिक असतात आणि बाष्पीभवन वाढल्याने ते कुंडीत साठत जातात. ड्रॅसीना, कॅलॅथिया आणि स्पायडर प्लांट यांची टोके आधी जातात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर खात्री समजावी. महिन्यातून एकदा नळाचे गोडे पाणी तळातून वाहून जाईपर्यंत द्यावे आणि ताटलीतले पाणी ओतून टाकावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घालून बचत करू नये; सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

१६. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या झाडाचा फक्त पांढरा भागच का जळतो? आणि पाने लालसर झाली तर?

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते आणि संरक्षण देणारी रंगद्रव्येही कमी असतात. अशा जातींना त्याच जातीच्या हिरव्या झाडापेक्षा एक पायरी अधिक सावली द्यावी, पण अंधारात ठेवू नये, कारण मग नवी पाने अधिक हिरवी येऊ लागतात. लालसर झाक ही बहुधा झाडाने स्वतःला उन्हापासून वाचवण्यासाठी तयार केलेल्या रंगद्रव्याची असते. पान लवचिक आणि ताठ असेल तर काळजीचे कारण नाही. झाक वाढत जाऊन कडा वाळू लागल्या तर जागा बदलावी.

१७. मे महिन्यात आम्ही दोन आठवडे गावी जातो. झाडांचे काय करावे?

सर्व कुंड्या बाल्कनीतून आत, खिडकी असलेल्या न्हाणीघरात किंवा दिवाणखान्यात उजेडाजवळ पण उन्हापासून दूर, एकत्र ठेवाव्यात. सावलीत पाण्याची गरज एकदम कमी होते. मोठ्या कुंड्यांना पाण्याच्या बादलीतून सुती दोरीची वात लावावी; वातीचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे मातीत चार बोटे खोल असावे. निघण्याआधी ती दोन दिवस चालवून पाहावी. झाडांवर प्लास्टिकची पिशवी घालण्याचा उपाय उन्हाच्या जागी कधीही करू नये. परत आल्यावर झाडे एकदम बाहेर न नेता प्रश्न १२ मधल्या क्रमाने न्यावीत.

१८. पावसाळा लागला की जाळी काढून टाकली तर चालेल ना?

चालेल, आणि काढलीच पाहिजे, कारण जून ते सप्टेंबर उजेड आधीच कमी असतो. परंतु ती घडी घालून माळ्यावर टाकू नये. ढगाळ हवेत फुटलेली पाने कोवळी आणि पातळ असतात, आणि जुलैच्या शेवटी सूर्य पुन्हा एकदा थेट माथ्यावर येतो. पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली की नेमकी तीच पाने भाजतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघारी गेला आणि उकाडा सुरू झाला, की पश्चिमेच्या बाल्कनीत जाळी साधारण महिनाभर पुन्हा लावावी. दक्षिणेच्या बाल्कनीत मात्र ऑक्टोबरपासून ऊन रोज थोडे अधिक आत येऊ लागते, म्हणून तेथे कुंड्या कठड्यापासून मागे घेत जाव्यात.